पोकळीतला अणू पोट्ट्यांना असा समजवा

पुसदजवळच्या आमच्या गावात पोकळीत, म्हणजे आरशासारख्या भिंतींमधल्या जागेत, ठेवलेला अणू आपली लहर लवकर किंवा उशिरा का सोडतो, हे मी बारावीला विहिरीच्या दोरावर शिकवतो. दोर दोन कडुनिंबांना ताणून बांधा, टोकाजवळ हातानं झटके द्या. ठरावीक तालालाच तो मोठा उसळतो. फार संथ झटके दिले तर नुसता हलतो, लाट उभी राहत नाही. हे पोट्ट्यांना स्वतः करू द्या, घाई नको.

मग सांगा: दोरासारखीच उत्तेजित (जादा ऊर्जा असलेल्या) अणूची लहर भोवतीच्या जागेत मावावी लागते. पोकळी लहरीशी जुळली तर उत्सर्जन, म्हणजे लहर बाहेर पडणं, लवकर होतं, हे भौतिकशास्त्रज्ञ पर्सेलनं १९४६ मध्ये मांडलं. धातूच्या पाट्यांतलं अंतर अर्ध्या तरंगलांबीहून कमी केलं, तर पाट्यांना समांतर ध्रुवीकरणाची (समांतर दिशेत डोलणारी) लहर मावतच नाही. १९८५ मध्ये सीझियमच्या उत्तेजित अणूंचं आयुष्य, म्हणजे उत्तेजित राहण्याचा काळ, असंच किमान २० पट वाढलं! सूत्र त्यानंतरच फळ्यावर लिहा.