अडकित्ता नोंदवहीत आहे, कपाटात नाही : संग्रहालयातल्या या चुका टाळा

ग्रंथालयशास्त्र शिकलेला माणूस संग्रहालयात आला की त्याला बहुधा पुस्तकांच्या खोलीत बसवतात. पहिली चूक इथेच होते. त्याला वस्तूंच्या नोंदवहीपाशी बसवा.

दाखल क्रमांकात, म्हणजे वस्तू संग्रहात आली की तिला मिळणाऱ्या कायमच्या क्रमांकात, ती कुठे ठेवली ती जागा कोंबू नका. ‘धातू/कपाट ४/१७’ लिहिलं आणि उद्या कपाट बदललं, की क्रमांक खोटा पडतो. ग्रंथालयात दाखल क्रमांक आणि वर्गांक (पुस्तकाचा विषय सांगणारा क्रमांक) वेगळे असतात ते उगाच नाही. रुळलेली पद्धत सोपी आहे: २०१९.१२.३ म्हणजे २०१९ मध्ये आलेल्या बाराव्या खेपेतली तिसरी वस्तू. पानदानाचं झाकण सुटं होत असेल तर ३अ, ३ब. वस्तू हरवली तरी तिचा क्रमांक दुसरीला द्यायचा नाही. निर्लेखनाची, म्हणजे वस्तू संग्रहातून कमी झाल्याची, नोंद करा.

हीच यादी एक्सेलमध्ये चढवताना घात होतो. इंग्रजी आकड्यांत २०१९.१० टाइप केलं की एक्सेल त्याचं २०१९.१ करून टाकतं, आणि दहावी व पहिली अशा दोन खेपा एका क्रमांकावर येतात. १२-३ लिहिलंत तर तारीख होते. टाइप करण्याआधी तो रकाना ‘टेक्स्ट’ करा. नंतर केल्यास गेलेलं शून्य परत येत नाही. जुन्या याद्या युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये असतील तर शोध लागणारच नाही. त्या रूपांतरित करा आणि जोडाक्षरं डोळ्यांनी तपासा.

नावांचा घोळ वेगळाच. एकाने ‘अडकित्ता’ लिहिलं, दुसऱ्याने ‘आडकित्ता’, तिसऱ्याने ‘सुपारी कातर’. पुण्याच्या केळकर संग्रहालयात अडकित्ते किती तऱ्हांचे आहेत ते पाहिलं, की एकच ठरलेलं नाव का हवं ते कळतं. बाकीच्या नावांपुढे ‘पाहा : अडकित्ता’.

आता ग्रंथपालांची सवय. शिक्का आणि चिकटपट्टी इथे चालत नाहीत. धातूवर पॅरालॉइड बी-७२ या पारदर्शक, पुन्हा काढता येणाऱ्या रेझिनचा पातळ थर, त्यावर शाईने क्रमांक, वर पुन्हा थर. कापडाला क्रमांकाची सुती पट्टी दोन टाक्यांनी शिवा, कागदाच्या मागे मऊ पेन्सिल. लाखकाम किंवा प्लॅस्टिक असेल तर नुसती चिठ्ठी बांधा.

साठा पडताळणी दोन्ही बाजूंनी हवी: नोंदवहीतून कपाटाकडे आणि कपाटातून नोंदवहीकडे. बहुतेक ठिकाणी पहिलीच होते, म्हणून बिननोंदीच्या वस्तू वर्षानुवर्षं तशाच पडून राहतात. अशा वस्तूला जुळेलसा क्रमांक अंदाजाने देऊ नका. तात्पुरता क्रमांक द्या, देणगीपत्रं आणि जुने फोटो तपासा, मगच जोडी लावा.