ऑल-वेदर टायरवर हिवाळा काढायचा तर काय पाहावं, काय मोजावं, गाडी कशी चालवावी

हिवाळ्यात एक सेट, उन्हाळ्यात दुसरा, ही अदलाबदल नको असेल तर ऑल-वेदर टायर हा खरा पर्याय आहे. मात्र त्याची हिवाळी ताकद नवेपणी सर्वात जास्त असते आणि खाचा झिजतील तशी ती ओसरत जाते. विंटर टायर वर्षातले चार-पाच महिनेच झिजतो, ऑल-वेदर बाराही महिने. म्हणून पहिल्या हिवाळ्यात छान वाटलेला टायर तिसऱ्या हिवाळ्यातही तसाच वागेल असं धरून चालू नका. तो कधीपर्यंत भरवशाचा आहे हे मोजता येतं, आणि ते मोजायलाच हवं.

तुमच्या रस्त्यांना तो पुरेल का?

रस्ते नियमित साफ होत असतील, तापमान शून्याच्या आसपास खालीवर होत असेल, बर्फ पडला तरी दोन-चार दिवसांत ओला डांबरी रस्ता पुन्हा दिसत असेल, तर ऑल-वेदर टायर चांगला चालतो. बर्फ साफ करणारी यंत्रं येण्याआधी पहाटे निघावं लागत असेल, घराकडचा चढ गोठलेला राहत असेल किंवा आठवडेच्या आठवडे उणे २० अंशांखाली जात असतील, तर विंटर टायरच घ्या. अशा ठिकाणी सोयीसाठी सुरक्षितता कमी करू नये, हे आमचं ठाम मत आहे.

हा फरक रबरापासून सुरू होतो. उन्हाळी टायरचं रबर साधारण ७ अंशांखाली कडक व्हायला लागतं आणि रस्त्याच्या बारीक खडबडीत पोतात शिरेनासं होतं. विंटर टायरचं रबर कडाक्याच्या थंडीतही लवचिक राहतं, पण तापलेल्या डांबरावर ते भराभर झिजतं. ऑल-वेदर टायरला दोन्ही ऋतू काढायचे असल्याने त्याचं रबर मधलं असतं.

दुसरा भाग साइपचा. ट्रेडच्या, म्हणजे रस्त्याला टेकणाऱ्या नक्षीदार भागाच्या, ठोकळ्यांवर केसासारख्या बारीक चिरा दिसतात, त्या साइप. ठोकळा वाकला की त्यांच्या कडा उघडतात आणि बर्फाला धरतात. मोठ्या खाचांत बर्फ दाबून भरतो तेव्हा तो रस्त्यावरच्या बर्फाला घट्ट धरतो, कारण बर्फाची पकड बर्फावर चांगली बसते. या दोन्ही गोष्टी चांगल्या ऑल-वेदर टायरमध्ये असतात, त्यामुळे दाबलेल्या बर्फावर तो विंटर टायरच्या बराच जवळ जातो.

गुळगुळीत गोठलेल्या थरावर मात्र अंतर पडतं. तिथे रबर आणि बर्फ यांच्यामध्ये पाण्याचा पातळ पापुद्रा असतो, आणि खास अशा गोठलेल्या थरासाठी बनवलेल्या विंटर टायरचं मऊ रबर व दाट साइप तो पापुद्रा जास्त चांगला मोडतात. काही विंटर टायरच्या रबरात तर त्यासाठीच सूक्ष्म छिद्रं असतात. थोडक्यात, ताज्या बर्फात गाडी आत्मविश्वासाने निघाली म्हणून काचेसारख्या बर्फावर ती तशीच थांबेल असं मानणं ही या टायरवरची सर्वात धोकादायक चूक आहे.

टायरच्या कडेवर काय वाचायचं

तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण, हे चिन्ह शोधा. ते नसेल तर दुकानदार काहीही म्हणो, तो टायर हिवाळ्यासाठी धरू नका. नुसतं ‘एम+एस’ म्हणजे चिखल आणि बर्फ अशी जुनी खूण. ती ट्रेडच्या आकारावरून दिली जाते, तिच्यामागे बर्फावरची सक्तीची चाचणी नसते. उत्तर अमेरिकेत ऑल-सीझन म्हणून विकल्या जाणाऱ्या बहुतेक टायरांवर एवढीच खूण असते. युरोपात मात्र ऑल-सीझन नावाखाली डोंगराचं चिन्ह असलेले टायरही मिळतात. म्हणून नावावर जाऊ नका, चिन्हावर जा.

डोंगराच्या चिन्हालाही मर्यादा आहे. १९९९ मध्ये उत्तर अमेरिकेत ते आलं तेव्हा कसोटी अशी ठरली: मध्यम दाबलेल्या बर्फावर वेग घेताना टायरची पकड एका प्रमाणित संदर्भ टायरपेक्षा निदान १० टक्के जास्त हवी. त्या कसोटीत गोठलेल्या बर्फावरचं ब्रेकिंग नाही, वळणावरची पकडही नाही. त्यामुळे हे चिन्ह किमान पात्रता सांगतं. चिन्ह असलेल्या दोन टायरांत बराच फरक असू शकतो. तुमच्याच मापाच्या टायरांच्या स्वतंत्र चाचण्या मिळाल्या तर त्यांतला बर्फावरचा आणि ओल्या रस्त्यावरचा थांबण्याचा आकडा आधी पाहा. युरोपीय लेबलवर मे २०२१ पासून बर्फाच्या काचेरी थरावरील पकडीसाठी वेगळं चिन्ह आहे. ऑल-वेदर टायरांवर ते सहसा सापडत नाही.

काही ठिकाणी कायदाही याच चिन्हावर चालतो. जर्मनीत १ ऑक्टोबर २०२४ पासून हिवाळी परिस्थितीत डोंगराचं चिन्ह असलेलेच टायर चालतात, नुसतं एम+एस पुरत नाही. कॅनडातल्या क्युबेकमध्ये १ डिसेंबर ते १५ मार्च हिवाळी टायर सक्तीचे असतात आणि चिन्ह असलेला ऑल-वेदर टायर त्यात बसतो. कॅनडातल्याच ब्रिटिश कोलंबियाच्या डोंगरी महामार्गांवर हिवाळ्यात ट्रेडची खोली किमान ३.५ मिलिमीटर लागते, ऑस्ट्रियात हिवाळी परिस्थितीत ४. दुसऱ्या देशात किंवा प्रांतात गाडी घेऊन जाताना तिथला नियम निघण्याआधी बघून घ्या.

घेताना

माप, लोड इंडेक्स (टायर किती वजन पेलतो ते सांगणारा आकडा) आणि कमाल वेगाचं अक्षर ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरील स्टिकरशी जुळवा. लोड इंडेक्स कमी चालत नाही, आणि जड बॅटरीच्या इलेक्ट्रिक गाड्यांत तर मुळीच नाही. कडेवर डीओटी या अक्षरांनी सुरू होणाऱ्या कोडचे शेवटचे चार आकडे म्हणजे बनल्याचा आठवडा आणि वर्ष: ३५२४ असेल तर २०२४ चा ३५वा आठवडा. टायर मोठ्या सवलतीत मिळत असेल तर हे आकडे आधी वाचा.

चारही टायर एकाच मॉडेलचे घ्या. पुढच्या चाकांनी ओढणाऱ्या गाडीत फक्त पुढे चांगले टायर बसवले, तर गाडी सुटते झोकात, पण वळणावर ब्रेक लागताच मागचा भाग बाहेर फेकला जातो आणि गाडी गर्रकन फिरते. काही कारणाने दोनच बदलावे लागले तर खाचा जास्त खोल असलेली जोडी मागे जाते, गाडी कुठल्याही चाकांनी चालत असली तरी. चारही चाकांना इंजिनची ताकद जाणाऱ्या गाडीत खोलीतला मोठा फरक यंत्रणेलाही त्रास देतो, म्हणून तिथे मॅन्युअलमध्ये दिलेली मर्यादा पाळा.

बसवताना, आणि नंतर

बऱ्याच ऑल-वेदर टायरांची नक्षी व्ही आकाराची आणि एकाच दिशेची असते. कडेवर ‘रोटेशन’ शब्द आणि बाण असतो, गाडी पुढे जाताना चाक त्याच दिशेला फिरलं पाहिजे. उलटं बसलं तर खाचा पाणी बाहेर फेकण्याऐवजी आत गोळा करतात आणि ओल्या रस्त्यावर टायर लवकर तरंगतो. घाईच्या दिवसांत वर्कशॉपमध्ये ही चूक होते. गाडी ताब्यात घेताना चारही बाण स्वतः पाहा.

चाकांचे नट टॉर्क पान्ह्याने (आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्ह्याने), मॅन्युअलमधल्या आकड्याला आवळलेले हवेत. अनेक मध्यम गाड्यांत तो १०० ते १४० न्यूटन-मीटरच्या दरम्यान असतो. ५० ते १०० किलोमीटरनंतर पुन्हा तपासा. नव्या टायरवर साचातून सुटण्यासाठी लावलेल्या पदार्थाचा अंश राहतो, म्हणून पहिले ३०० ते ५०० किलोमीटर सौम्य चालवा. म्हणजेच पहिला बर्फ पडायच्या आदल्या दिवशी टायर बसवणं उशिराचं आहे, निदान काही आठवडे आधी बसवा.

हवेकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं. तापमान दर ५ ते ६ अंशांनी उतरलं की टायरमधला दाब साधारण १ पीएसआयने कमी होतो. २५ अंशांत ३५ पीएसआय भरलेला टायर उणे १० ला जवळपास २९ वर येतो. दाबाचा इशारा देणारा दिवा अनेक गाड्यांत दाब शिफारशीपेक्षा सुमारे २५ टक्के कमी झाल्यावरच लागतो, म्हणजे इथे २६ च्या आसपास. दिवा बंद असतो, टायर मात्र मऊ पडलेला, कडा जास्त झिजणाऱ्या आणि स्टिअरिंगला प्रतिसाद ढिला. थंडीत दर दोन-तीन आठवड्यांनी, गाडी काही तास बाहेर उभी राहिल्यावर, सकाळी दाब मोजा. बर्फासाठी मुद्दाम हवा कमी करण्याचा सल्ला रस्त्यावरच्या गाडीला लागू नाही.

खोली मोजणं

खाचांची खोली मोजणारं डेप्थ गेज हे छोटं, स्वस्त हत्यार आहे. ते जवळ ठेवा. प्रत्येक टायरवर आतली, मधली आणि बाहेरची अशी तीन ठिकाणची खोली मोजा आणि किलोमीटरसह लिहून ठेवा. मध्य जास्त झिजला असेल तर हवा जास्त होती, दोन्ही कडा झिजल्या असतील तर कमी होती, एकच कड झिजली असेल तर अलाइनमेंट करून घ्या.

नवा टायर बहुधा ८ मिलिमीटरच्या आसपास असतो. खाचांतल्या झिजेच्या खुणा १.६ मिलिमीटरवर असतात, पण त्या कायद्याच्या शेवटच्या मर्यादेसाठी आहेत. बर्फाच्या दृष्टीने ४ मिलिमीटरखाली टायर संपला असं धरा: खाचेत बर्फ पुरेसा भरत नाही, आणि ज्या साइप तळापर्यंत कापलेल्या नसतात त्या नाहीशा होत जातात. तोच टायर उन्हाळ्यात आणखी चालेल, कागदावरही वैध राहील. त्यामुळे वॉरंटीवर छापलेले किलोमीटर म्हणजे हिवाळी आयुष्य नव्हे. ८ ते १.६ या ६.४ मिलिमीटरांपैकी हिवाळ्याच्या कामाचे वरचे ४ मिलिमीटर, म्हणजे साधारण साठ टक्के.

हिशोब असा करा. समजा २०,००० किलोमीटरमध्ये ८ चे ६.५ झाले, म्हणजे १०,००० किलोमीटरला ०.७५ मिलिमीटर. सप्टेंबरमध्ये खोली ५ आहे आणि मार्चअखेरपर्यंत १०,००० किलोमीटर होणार, तर हंगाम ४.२५ वर संपेल: चालेल, पण हा त्याचा शेवटचा हिवाळा. सप्टेंबरमध्येच ४.५ असेल तर शेवटचा बर्फ पडेपर्यंत तो मर्यादेखाली जाईल. अशा वेळी नवा सेट शरद ऋतूत घ्या. वसंतात घेतलात तर नवेपणाचे पहिले महिने उन्हात खर्ची पडतात. झिज सम राहावी म्हणून ८,००० ते १०,००० किलोमीटरला रोटेशन करा, म्हणजे चाकांच्या जागा आपसांत बदला. एकदिशी टायर त्याच बाजूला पुढचा मागे, मागचा पुढे असेच फिरवता येतात.

चालवताना

ताशी ५० किलोमीटरवरून फक्त ब्रेकचं अंतर पाहा. कोरड्या डांबरावर घर्षणांक ०.८ धरला तर सुमारे १२ मीटर, दाबलेल्या बर्फावर ०.२५ धरला तर ३९, काचेरी बर्फावर ०.१ धरला तर ९८. पाय ब्रेकवर जाईपर्यंतच्या एका सेकंदात आणखी १४ मीटर जातात. वेग ३० वर आणला तर काचेरी बर्फावरचे ९८ मीटर ३५ होतात. टायरची निवड या आकड्यांत फरक पाडते, पण वेगाइतका नाही. पुढच्या गाडीपासून बर्फावर निदान ६ सेकंद, निसरडं जास्त असेल तर ८ ते १० सेकंद अंतर ठेवा.

निघाल्यावर, मागे कुणी नसताना, सरळ रस्त्यावर २०-३० च्या वेगात एकदा ब्रेक दाबून पाहा. पाऊल ठेवताच एबीएस (ब्रेक लावताना चाक अडकू न देणारी यंत्रणा) थरथरू लागला तर त्या दिवसाचा वेग तिथेच ठरला. खऱ्या अडचणीत एबीएसच्या गाडीत ब्रेक पूर्ण दाबा आणि दाबून धरा, थरथरीला घाबरून पाय उचलू नका. वळणाआधी सरळ रेषेत वेग कमी करून घ्या. उतारावर खालचा गिअर ठेवा. इलेक्ट्रिक किंवा हायब्रिड गाडीत रीजनचा, म्हणजे पाय उचलल्यावर मोटरने वेग कमी करून वीज परत मिळवण्याचा, जोर कमी करा, कारण पाय उचलताच चालकचाकांवर, म्हणजे ताकद मिळणाऱ्या चाकांवर, येणारा जोरदार रोध काचेरी बर्फावर त्यांची पकड सोडवू शकतो.

शून्य अंशांच्या आसपासचा ओला बर्फ कडाक्याच्या थंडीतल्या कोरड्या बर्फापेक्षा जास्त निसरडा असतो, आणि पूल रस्त्याच्या आधी गोठतात, कारण त्यांना खालूनही वारा लागतो. चारही चाकांना ताकद मिळाली तर गाडी निघायला मदत होते, थांबायला नाही. अडकलात तर ट्रॅक्शन कंट्रोल (चाक घसरून फिरू लागलं की ताकद कमी करणारी यंत्रणा) तात्पुरता बंद करून हलक्या थ्रॉटलवर गाडी मागेपुढे झुलवा. चाक नुसतं गरगर फिरवत राहिलात तर खालचा बर्फ वितळून पुन्हा गोठतो आणि खड्डा घसरगुंडी बनतो.

घाटरस्त्यांसाठी चाकांवर चढवायची साखळी (चेन) किंवा कापडी स्नो-सॉक गाडीत ठेवा, टायर कितीही नवा असला तरी. साखळीची कमाल गती बहुतेक ताशी ५० किलोमीटर असते आणि ती चालकचाकांवर लागते. चाकाच्या कमानीत जागा कमी असलेल्या काही गाड्यांना साखळी चालत नाही, ते मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं. घरच्या अंगणात, कोरड्यात, हातमोजे घालून एकदा लावून पाहा, म्हणजे कुठला हूक कुठे जातो ते अंधारात शोधावं लागणार नाही.