क्यूजीआयएसचे प्लगइन लिहिताना मी केलेली चूक

पुण्यातील एका छोट्या जीआयएस (संगणकीय नकाशांच्या) कंपनीत माझी पहिली नोकरी होती आणि पहिलेच स्वतंत्र काम क्यूजीआयएस या नकाशांच्या प्रोग्रामसाठी प्लगइन, म्हणजे त्यात नवी सोय भरणारा जोडप्रोग्राम, लिहिण्याचे होते. भूखंडांच्या हद्दी जुळवण्याची कंपनीची स्वतःची एक गणनपद्धत होती. तिचा कोड ग्राहकाच्या हाती पडू नये, एवढीच मला सूचना होती. मी पायथॉनच्या मूळ फायली बाजूला ठेवून फक्त कंपाइल केलेल्या, म्हणजे माणसाला सरळ वाचता न येणाऱ्या, फायली झिपमध्ये भरल्या आणि काम संपले असे मानले.

झिप पाठवायच्या आदल्या दिवशी एका वरिष्ठ सहकाऱ्याने मूळ फाइल उघडायला लावली आणि पहिल्याच ओळीवर बोट ठेवले: ‘फ्रॉम क्यूजीआयएस डॉट कोअर इम्पोर्ट’, म्हणजे क्यूजीआयएसचा कोड आपल्या कोडमध्ये आणणारी ओळ. “क्यूजीआयएसचा परवाना वाचलास का?” मी वाचला नव्हता. क्यूजीआयएस जीपीएल या, प्रोग्रामबरोबर सोर्स कोड (मूळ वाचता येणारा कोड) द्यायला लावणाऱ्या, परवान्याच्या दुसऱ्या किंवा त्यानंतरच्या आवृत्तीखाली मिळते. खिडक्या आणि बटणांसाठी वापरलेले पायक्यूटीदेखील जीपीएलखाली किंवा विकतच्या परवान्याने, अशा दोनच वाटांनी मिळते.

नवख्यांचा गोंधळ इथेच होतो. ‘प्लगइन’ या नावाने काहीच ठरत नाही. ते मूळ प्रोग्रामशी कसे जोडले जाते, याने ठरते. फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या मते, प्लगइन त्याच प्रोसेसमध्ये, म्हणजे चालू असलेल्या मूळ प्रोग्रामच्या आतच, लोड होऊन एकमेकांची फंक्शन्स बोलावत असेल आणि डेटाची रचना वाटून घेत असेल, तर दोघांचा मिळून एकच प्रोग्राम होतो, आणि तो दुसऱ्याला द्यायचा तर जीपीएलच्या अटींनीच द्यावा लागतो. ही परवाना लिहिणाऱ्यांची भूमिका आहे, न्यायालयाचा निवाडा नव्हे. पण तिच्याविरुद्ध वाद घालण्याची ऐपत आमच्या कंपनीत नव्हती. याउलट जिंप या चित्रे संपादित करण्याच्या प्रोग्राममध्ये प्लगइन वेगळ्या प्रोसेसमध्ये चालते आणि त्याची जोडणारी लायब्ररी एलजीपीएल या जीपीएलहून सैल परवान्याखाली आहे, त्यामुळे तिथे सोर्स कोड न देणाऱ्या बंद प्लगइनलाही जागा राहते. जीसीसी या कंपायलरने (कोडचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामने) मात्र २०१० मध्ये ४.५ आवृत्तीत प्लगइनची सोय दिली तीच अशी की, आपला परवाना जीपीएलशी सुसंगत आहे असे जाहीर करणारे चिन्ह कोडमध्ये नसेल, तर कंपायलर ते प्लगइन लोडच करत नाही.

दोन गैरसमज माझेही होते. जीपीएल म्हणजे फुकट, हा पहिला. प्रत्यक्षात पैसे घेता येतात, फक्त ज्याला प्रोग्राम दिला त्याला सोर्स कोड आणि तो पुढे वाटण्याचा हक्कही द्यावा लागतो. दुसरा असा की, जोडणी केली की कोड जगजाहीर करावाच लागतो. कंपनीच्या आतच वापरले तर सोर्स कोड कोणालाही देण्याचे बंधन येत नाही. ते येते प्रत बाहेर दिल्यावर.

आम्हाला प्रत द्यायचीच होती. म्हणून गणनपद्धत स्वतंत्र प्रोग्राम म्हणून वेगळी काढली. तो कमांड लाइनवरून क्यूजीआयएसशिवायही चालतो, एक जिओजेसन (नकाशातील आकार साठवणारी) फाइल घेतो आणि दुसरी लिहून देतो. प्लगइन फक्त त्याला सुरू करते आणि आलेली फाइल नकाशावर दाखवते. या वेगळेपणासाठी मला तीन आठवडे लागले, कारण आधीच्या कोडमध्ये क्यूजीआयएसचे भूमितीचे ऑब्जेक्ट थेट गणनेच्या पोटात शिरलेले होते. आराखडा काढतानाच परवाना पाहिला असता, तर हे तीन आठवडे वाचले असते. अखेर ग्राहकाला दोन झिप गेल्या: प्लगइनची, सोर्स कोड आणि जीपीएलच्या मजकुरासह, आणि गणनेच्या प्रोग्रामची, आमच्या करारासह.