गोठ्यातली गोचीड: आधी भिंत, मग गाय

मुरबाड-शहापूरकडे लावणी उरकली की गुरं गोठ्यात अडकून पडतात आणि उघडिपीची दमट हवा गोचिडीला मानवते. संकरित गाईला ताप भरला, खांद्यापुढची गाठ सुजली किंवा लघवी लाल झाली, तर तो गोचिडीतून आलेला आजार असू शकतो, त्याच दिवशी पशुवैद्यक बोलवा.

दरवर्षी चूक एकच. औषध गाईवर मारतात, भिंत तशीच सोडतात. रक्त पिऊन टम्म झालेली मादी खाली गळते, भेगेत शिरते आणि दोन-तीन हजार अंडी घालते. काही आठवड्यांत पिल्लं पुन्हा गाईवर. मग दुकानदार म्हणतो औषध बदला, आणि महागडी बाटली गळ्यात मारतो. भेग तिथेच.

टम्म माद्या बहुतेक पहाटे-सकाळी गळतात. म्हणून उजाडताच गावठी कोंबड्या गोठ्यात सोडा, झाडण्याआधी आणि दाणे टाकण्याआधी. पोट भरलेली कोंबडी गोचीड शोधत नाही. आधी झाडलं तर माद्या शेणाबरोबर उकिरड्यावर जाऊन अंडी घालतात. चार-पाच गुरांना सहा-सात कोंबड्या पुरतात, हा आपला अंदाज. बसलेल्या गाईच्या गळ्याखालच्या पोळीवरूनही त्या वेचतात. कासेला चोच लागत असेल तर हाकला. रात्री मात्र खुराड्यातच, नाहीतर गव्हाणीत विष्ठा पडते.

गायबगळ्यावर भिस्त नको, तो मुख्यतः गुरांच्या पायांशी उडणारे नाकतोडे टिपतो. कावळा तर गोचिडीसोबत जखमही उकरतो.

कारवीचा कूड शेणमातीने लिंपा. दगडी भिंतीचे सांधे सिमेंटने बुजवून चुना मारा. फ्लेमगन, म्हणजे ज्वाळेने भेगा भाजायचं यंत्र, फक्त दगड-विटेला, पेंढा बाहेर काढून. कुडाला फ्लेमगन लावाल तर गोठाच जाईल.

फवारणी:
- डेल्टामेथ्रिन १.२५ टक्के, लिटरला २ ते ३ मिली. किंवा अमिट्राझ १२.५ टक्के, लिटरला २ मिली
- गाय आणि भिंत एकाच दिवशी. १०-१५ दिवसांनी पुन्हा
- आधी पाणी पाजा, जखमेवर नको
- मेलेल्या गोचिडी झाडून जाळेपर्यंत कोंबड्या बाहेर
- उरलेलं पाणी ओढ्यात नको, मासे मरतात

आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन दुभत्या गाईला नको, दुकानदार कितीही म्हणो. औषध दुधात उतरतं.

गोचीड नखाने चिरडू नका. २०११ मध्ये गुजरातेत काँगो तापाने माणसं दगावली, तो गोचिडीतूनही येतो. हातमोजा घालून रॉकेलच्या डब्यात टाका. आणि रात्री बॅटरी घेऊन गव्हाणीमागची फट, खुंट्याचं भोक, मेढीची म्हणजे लाकडी खांबाची साल बघा. लिंपण करताना नेमकी हीच राहून जातात.