ऊसतोडीच्या दिवसांत बिबट्या: फडावर, गोठ्यात आणि कोपीवर काय जपायचं

दिवाळीच्या आगेमागे कारखान्यांची धुराडी पेटतात आणि पुणे जिल्ह्यातल्या जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूरच्या पट्ट्यात उभे ऊस तुटायला लागतात. आडसाली ऊस सोळा-अठरा महिने जागेवर उभा असतो. आत गारवा असतो, कडेला पाटाचं पाणी असतं आणि हाकेच्या अंतरावर वस्तीची कुत्री आणि शेळ्या. बिबट्याची मादी तिथंच विते, तिथंच पिल्लं वाढवते. इथल्या बिबट्याच्या कित्येक पिढ्यांनी डोंगरातलं रान पाहिलेलंच नाही, ऊस हेच त्यांचं रान. एकरामागून एकर तुटत गेला की जनावर शेजारच्या उसात सरकतं, आणि वाटेत आपली वस्ती असते. म्हणून आतापासून एप्रिलपर्यंतचे महिने जास्त जपायचे.

पहिली गोष्ट फडाची, म्हणजे तोडीला आलेल्या उसाची. कोयता घालण्याआधी तोडणी मजुरांच्या टोळीच्या मुकादमाला घेऊन चारी बांधांनी फिरा. ओल्या मातीत ठसे, बांधावर ओढत नेल्याची खूण, कुत्र्याची किंवा शेळीची हाडं दिसतात का ते बघा. काही दिसलं तर तोडीच्या आदल्या दिवशीच वनरक्षकाला कळवा. तोड वस्तीच्या बाजूने सुरू करून मोकळ्या रानाच्या, ओढ्याच्या किंवा दुसऱ्या उभ्या उसाच्या दिशेने न्या, म्हणजे जनावराला निसटायला वाट राहते. चारी बाजूंनी तोडत आणून मध्ये ठिगळाएवढा ऊस ठेवू नका. कोंडलेला बिबट्या माणसावर येतो, एरवी तो आवाज ऐकूनच बाजूला होतो. शेवटच्या काही सऱ्या उरल्या की काम थांबवून डबे वाजवा, ट्रॅक्टर चालू करा, थोडा वेळ जाऊ द्या आणि मगच आत शिरा.

पाचट, म्हणजे तोडीनंतर उरलेला वाळका पाला, पेटवू नका, आणि उभा ऊस तर मुळीच नाही. एप्रिल २०१९ मध्ये आंबेगाव तालुक्यात अवसरीच्या शिवारात उसाला लावलेल्या आगीत बिबट्याचे पाच बछडे होरपळून मेले. ते दुःख आहेच, पण पिल्लं गमावलेली मादी त्याच शिवारात फिरत राहते हेही विसरू नका. पाचटाची कुट्टी करून सरीत ठेवली तर खोडव्याला, म्हणजे तुटलेल्या बुडख्यातून पुन्हा फुटणाऱ्या उसाला, ओल टिकते आणि जमिनीला खतही मिळतं.

बछडे सापडले तर

फडात दोन-तीन पिल्लं सापडणं हे या पट्ट्यात दर हंगामात होतं. मादी त्यांना टाकून गेलेली नसते. ती दिवसा जवळच्या उसात दडलेली असते किंवा शिकारीला गेलेली असते, आणि अंधार पडला की न्यायला येते. पिल्लांना हात लावू नका, घरी आणू नका, फोटोसाठी पोरांच्या मांडीवर देऊ नका. त्या सऱ्या सोडून काम थांबवा आणि १९२६ या वनखात्याच्या टोल-फ्री क्रमांकावर फोन करा. जुन्नरजवळच्या माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्राचे डॉक्टर आणि वनखात्याची माणसं येऊन पिल्लं तपासतात आणि संध्याकाळी त्याच जागी टोपलीत किंवा क्रेटमध्ये ठेवतात. रात्री मादी येते, क्रेट उलटवते आणि एकेक पिल्लू तोंडात धरून नेते. असं पुनर्मीलन जुन्नर वनविभागात कितीतरी वेळा झालं आहे.

इथे गावकऱ्यांचा एक ठरलेला प्रश्न असतो: 'पिल्लं परत कशाला ठेवता? सगळीच घेऊन जा ना!' प्रश्न रास्त आहे. ज्याच्या घरातलं माणूस गेलंय त्याला तर तो विचारायचा पूर्ण हक्क आहे. पण पिल्लं नेली तर मादी जात नाही. ती त्याच बांधांवरून, वस्त्यांच्या कडेने पिल्लं शोधत फिरते, आणि ते दिवस माणसांना सर्वांत धोक्याचे असतात. पिल्लं परत ठेवण्यात पहिला फायदा त्या शिवारातल्या माणसांचाच आहे.

पिंजऱ्याचंही तसंच. माणसावर हल्ला करणारं जनावर धरलंच पाहिजे आणि त्यासाठी वनखात्याच्या मागे लागलंच पाहिजे. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शिरूर तालुक्यात लागोपाठ माणसं गेली तेव्हा लोक रस्त्यावर उतरले. तो संताप खरा होता. पण नुसता दिसला म्हणून बिबट्या धरून दुसरीकडे सोडण्याचा अनुभव जुन्नरने घेतलेला आहे. १९९३ ते २००१ या काळात इथे माणसांवर वर्षाला सरासरी चार हल्ले व्हायचे. त्यानंतर मोठ्या प्रमाणावर बिबटे पकडून दुसरीकडे सोडण्यात आले आणि सरासरी सतरावर गेली. अनोळखी मुलखात सोडलेलं जनावर बिथरतं, ओळखीच्या जागेकडे परतायला बघतं, आणि इकडे मोकळ्या झालेल्या जागेत दुसरं शिरतं. म्हणून 'दिसला की पिंजरा' हा हट्ट सोडून गोठा आणि वस्ती पक्की करण्यावर जोर द्या. ते आपल्या हातात आहे.

गोठा आणि वस्ती

गोठ्याला तीन भिंती आणि पुढे फाटकी ताडपत्री असेल तर तो गोठा बिबट्यासाठी उघडाच आहे. बाजूंनी जाळी आणि वरून काहीच नाही, हेही चालत नाही, कारण तो भिंतीवर सहज चढतो. चारी बाजूंनी घट्ट लोखंडी जाळी, वरून पत्रा किंवा जाळी, आणि आतबाहेरून कडी लागणारं दार असं पाहिजे. शेळ्या, करडं, वासरं अंधार पडायच्या आत कोंडा. सगळा गोठा बांधायला पैसे नसतील तर निदान लहान जनावरांपुरता एक खण पक्का करा. आपल्या वनविभागात जाळी, तंबू किंवा सौरदिव्याची योजना चालू आहे का ते ग्रामपंचायतीत विचारा. बांधावर उतरलेल्या मेंढपाळाच्या वाड्यालाही, म्हणजे मेंढरांच्या तळालाही, गावाने दिव्याची सोय करून द्यावी. त्याची पोरं उघड्यावर झोपतात.

आता कोंबड्या. जुन्नर-आंबेगावात पोल्ट्री भरपूर आहेत आणि मेलेले पक्षी शेडमागे किंवा ओढ्यात टाकायची सवयही आहे. त्या वासावर कुत्री येतात आणि कुत्र्यांवर बिबट्या. शेजारच्या अकोले तालुक्यातल्या अभ्यासात बिबट्याच्या खाण्यात सर्वांत मोठा वाटा कुत्र्याचाच आढळला होता. मेलेले पक्षी खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा. हॉटेल-मंगल कार्यालयांचं खरकटं रस्त्याकडेला पडत असेल तर ग्रामसभेत विषय काढा. वस्तीलगतची कुत्र्यांची टोळी कमी झाली की बिबट्याच्या फेऱ्याही कमी होतात.

घर आणि उभा ऊस यांच्यामध्ये मोकळी पट्टी ठेवा, दाराला लागून उसाची लागण करू नका. अंगणात आणि शौचालयाच्या वाटेवर दिवा हवा. संध्याकाळी सहानंतर पोरांना एकटं बाहेर सोडायचं नाही, मग ते दाराबाहेर लघवीला असो की शेजारी दूध आणायला. उघड्या विहिरींना निदान कमरेएवढा कठडा बांधा. शिकारीमागे धावताना बिबटे विहिरीत पडतात. पडलाच तर गर्दी हटवा, दोराने बाज सोडा म्हणजे त्याला बसायला आधार मिळतो, आणि बाकीचं वनखात्याच्या पथकावर सोपवा.

पिकाला पाणी द्यायला, दारं धरायला रात्री जावं लागतं तिथे एकट्याने जाऊ नका. हातात बॅटरी आणि काठी, मोबाइलवर गाणी मोठ्याने लावलेली. पाण्याची दारं मोडताना, खुरपताना किंवा वैरण कापताना माणूस वाकतो किंवा उकिडवा बसतो, आणि तेव्हा बिबट्याला तो लहान जनावरासारखा दिसतो. म्हणून अशा वेळी दुसऱ्याने उभं राहून चौफेर बघत राहावं. मोटरीला मोबाइल स्टार्टर बसवला तर बऱ्याच फेऱ्या वाचतात. ज्या गावांत हल्ले झालेत तिथे शेतीला दिवसा वीज मिळावी म्हणून ग्रामपंचायतीने ठराव करून महावितरणकडे पाठपुरावा करावा, आणि तो सोडू नये.

समोर आलाच तर पळू नका, खाली वाकू नका. लहान मूल असेल तर त्याला उचलून घ्या, हात वर करून मोठ्याने ओरडा आणि तोंड त्याच्याकडे ठेवूनच मागे सरका.

टोळीच्या कोप्या

या सगळ्यात सर्वांत उघड्यावर असतात ती बीड, पाथर्डीकडून आलेली ऊसतोडीची कुटुंबं. त्यांना इथला बिबट्या माहीत नसतो. बाया भल्या पहाटे उठून चुली पेटवतात, अंधारातच फडावर निघतात, आणि तान्ही पोरं बांधावर चादरीत झोपवलेली असतात. ऊस आपला आहे, तेव्हा ही जबाबदारी आधी आपली, मग मुकादमाची आणि कारखान्याची. कोप्यांना, म्हणजे त्यांच्या झोपड्यांना, जागा देताना उभ्या उसापासून लांब, मोकळ्या आणि उजेडाच्या ठिकाणी द्या. वीज जोडून द्या, नाहीतर सौरदिवा द्या. पाणी आणि शौचालय जवळ असू द्या. दिवसा पोरं सांभाळायला एक मोठी बाई किंवा अंगणवाडीची सोय करा. उजाडल्याशिवाय तोड सुरू करायची नाही, हे टोळी उतरली त्याच दिवशी मुकादमाशी बोलून ठरवा.

रानडुकरांसाठी कुंपणात थेट वीज सोडू नका. त्यात शेजारचा शेतकरी, आपलंच जनावर किंवा बिबट्या कुणीही मरतं. बिबट्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे आणि गुन्हा जमीनमालकावर पडतो. झटका मशीन हवंच असेल तर प्रमाणित कंपनीचं घ्या.

शेळी-वासरू मारलं तर मेलेलं जनावर हलवू नका, फोटो काढा आणि त्याच दिवशी, फार तर ४८ तासांच्या आत वनखात्याला कळवा. पंचनामा झाला की बाजारभावाच्या ७५ टक्के भरपाई शासनाने ठरवलेल्या मर्यादेपर्यंत मिळते. माणूस दगावल्यास वारसांना २५ लाख रुपये मिळतात. पंचनामा होईपर्यंत त्या जागी रात्री कुणी थांबू नका, कारण बिबट्या मारलेल्या जनावराकडे परत येतो. सातबारा, आधार आणि बँक पासबुकाच्या झेरॉक्स आत्ताच एका पिशवीत घालून ठेवा, आणि १९२६ हा आकडा गोठ्याच्या दारावर खडूने लिहून ठेवा.