क्रॉप घरी करा, पण पाय गडावरच हलवा

राजगडावर पहाटे कॅमेरा घेऊन निघालेले बहुतेक जण सुवेळा माचीकडे पळतात, कारण सूर्य तिकडे उगवतो. खुशाल जा. मी म्हणेन, एकदा संजीवनी माचीवर सूर्याकडे पाठ करून उभे राहा. समोर तोरणा असतो. ऊन आधी त्याच्या माथ्यावर येतं, मग कड्यावरून खाली उतरतं. डिसेंबरात सूर्य पूर्वेपासून साधारण 25 अंश दक्षिणेला उगवतो, म्हणून ऊन तिरकं पडतं आणि कड्याच्या घड्या उठून दिसतात.

ट्रायपॉड, रॉ (कॅमेऱ्याची प्रक्रिया न झालेली फाइल) वगैरे तुम्हाला ठाऊक आहेच. व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगछटेची सेटिंग, तेवढी ऑटोवरून काढा, नाहीतर कॅमेरा कोवळ्या उन्हाचा पिवळेपणा पुसून टाकतो.

आता खरा खड्डा. ‘सगळं चौकटीत घेऊन ठेव, नको तो भाग घरी कापू’, म्हणजेच क्रॉप करू. हे सांगणारे गुरू पैशाला पासरी मिळतात. हिशेब करा: 24 मेगापिक्सेलचा फोटो 6000 बाय 4000 पिक्सेल. 18-55 मिमीच्या झूम लेन्सने 18 वर, म्हणजे सगळ्यात रुंद, काढलात आणि घरी 55 एवढी चौकट कापलीत, तर रुंदीला उरतात जेमतेम 1960 पिक्सेल. 300 डीपीआयला, म्हणजे छापताना इंचाला 300 ठिपके धरले तर, साडेसहा इंच! मोबाइलवर झकास दिसतं, तिथेच आपण फसतो. लॅबमधून 12 बाय 18 इंचांची प्रिंट आली की गवताचा नुसता चिखल. मी असल्या प्रिंटांना पैसे मोजलेत. लेन्सची झूम रिंग फिरवायला फुकट होती.

शिवाय कापल्याने तटबंदी आणि तोरणा यांच्यातलं लहानमोठेपण बदलत नाही. भिंतीला चिकटून काढलात तर भिंत अवाढव्य आणि तोरणा टेकाड, कितीही कापा. पंधरा-वीस पावलं मागे या, झूम वाढवा. भिंत आटोक्यात येते, तोरणा अंगावर येतो. मागे सरकताना मात्र मागे बघा, माची अरुंद आहे.

घाबरू नका, क्रॉप म्हणजे पाप नव्हे. रिकामं आभाळ छाटून 16:9 केलंत तरी 20 मेगापिक्सेल हातात राहतात. क्षितिज कललंय? सरळ करा, फक्त कडा आणि कोपरे थोडे जातात. म्हणून बुरूज चौकटीच्या कडेला टेकवू नका, थोडी जागा सोडा. आणि विकतचे प्रीसेट (फोटोच्या रंगांच्या तयार सेटिंग) घेण्यापेक्षा त्या पैशात पुन्हा गडावर जा.