पॉलिशनंतर चांदी धुताना: मोटार सुरू करण्याआधी काय काय जमवून ठेवाल

बफवरून, म्हणजे पॉलिशच्या मोटारीवर फिरणाऱ्या कापडी चाकावरून, उतरलेला दागिना चमकतो आणि काम झालंसं वाटतं. भिंग घेऊन बघा. रव्याच्या (नक्षीतल्या चांदीच्या बारीक गोळ्यांच्या) दाण्यांमध्ये, साखळीच्या कड्यांत, घुंगराच्या चिरेत काळपट लाल चिखल ठासून बसलेला असतो. लाल पॉलिश म्हणजे मेण-चरबीत मळलेला लोहाचा ऑक्साइड. त्यात चांदीचा भुगा आणि बफाचे धागे मिसळले की हा चिखल होतो. मेण गार झालं की तो हलत नाही. म्हणून धुण्याची सगळी तयारी आधी, मोटार नंतर.

सगळ्यात आधी डिस्टिल्ड वॉटर आणा, इन्व्हर्टरच्या बॅटरीत भरतात ते. पाच लिटरचा कॅन समोर दिसल्याशिवाय बफला हात लावू नका. आपल्याकडचं बोअरचं पाणी किती जड असतं ते गिझरची कॉइल उघडली की कळतं. तेच पाणी चांदीवर वाळलं की कॅल्शियम, मॅग्नेशियमचे क्षार मागे राहतात. गुळगुळीत कड्यावरचे डाग पुसून जातात, रव्यातले जात नाहीत. मागच्या लग्नसराईत मी नेमकं हेच आणायला विसरले. सगळे पैंजण वाळल्यावर पांढऱ्या ठिपक्यांनी भरले आणि परत बफवर घ्यावे लागले. दुकानात नुसतं ‘बॅटरीचं पाणी’ मागू नका, तिथे ॲसिडचेही कॅन असतात. डिस्टिल्ड म्हणून मागा आणि लेबल वाचूनच घ्या.

साबण, टब, मऊ टूथब्रश घरात असतातच. सिंकच्या भोकावर जाळी ठेवा. सुटलेली टिकली गटारात गेली की गेली.

आता दागिने वेगळे करायला दोन ताटं घ्या. इथे घाई केली की नुकसान कायमचं. मोती, पोवळं, फिरोजा, पाचू आणि चिकटवलेले खडे एका ताटात. यांना ना गरम पाणी, ना अल्ट्रासॉनिक (ध्वनिलहरींनी धुणारं यंत्र). साबणाच्या कोमट पाण्यात बुडवलेलं फडकं फिरवायचं, बस्स. जुने पोकळ तोडे, गोठ, वाळे कोणी उजळायला दिले असतील तर आत लाख भरली आहे का ते आधी विचारा. लाख गरम पाण्यात मऊ पडते, फुगते आणि सांध्यातून बाहेर येते. अशा नगालाही त्याच ताटात ठेवा. मुद्दाम काळं केलेलं नक्षीकाम असेल तर ॲल्युमिनियम फॉइल आणि सोड्याचा घरगुती उपाय अजिबात करू नका. तो काळेपणाच काढतो, आणि तुम्हाला तर तो ठेवायचाय. गोंडे, रेशीमदोरा ओवायचा असेल तर पटवेकऱ्याकडे धुतल्यावर द्या. आधी ओवला तर मेणही दोऱ्यात शिरतं आणि रंगही सुटतो.

दुसऱ्या ताटातल्या साध्या चांदीसाठी पाणी गरमच हवं, हाताला सोसेल त्याच्या थोडं वर. गार पाण्यात मेण आणखी आवळतं, मग कितीही साबण ओता. भांडी घासायच्या लिक्विडचे चार थेंब पुरतात. रिठे उकळलेलं पाणीही छान चालतं, सोनार पिढ्यान्‌पिढ्या तेच वापरत आलेत. फक्त त्यांची पितळी तारांची कुंची (ब्रश) आरशासारख्या चकाकीवर फिरवू नका, चकाकी मंद होते. अमोनिया बहुतेक वेळा लागतच नाही. घालायचाच तर थोडेच थेंब आणि खिडक्या सताड उघड्या. ब्लीच मात्र त्या खोलीतही नको: अमोनियात मिसळलं तर विषारी वायू होतो, आणि चांदीला लागलं तर ती काळी पडते.

दागिना आधी भिजू द्या, मग घासा. कोरड्या फडक्याने चिखल पुसायला जाऊ नका, त्यातलीच पूड ओरखडे काढते. अल्ट्रासॉनिक असेल तर नग जाळीच्या टोपलीत ठेवा, तळाला टेकू देऊ नका, एकमेकांवर रचू नका. बाहेर काढल्यावर पुन्हा भिंग. रव्यात लाल दिसलं तर पुन्हा गरम पाणी. ९२५चा (९२.५ टक्के चांदीचा) शिक्काही बघा, आकड्यांच्या खाचेत पॉलिश हमखास राहतं.

मग विसळणं. पहिल्यांदा बोअरचं पाणी चालेल, दुसऱ्यांदा आरओचं. शेवटचं विसळणं डिस्टिल्डमध्येच, आणि आधीचं पाणी अंगावर वाळायच्या आत. दोन्हींच्या मध्ये चहाला उठू नका. आरओच्या पाण्यातही थोडे क्षार उरतात, त्यामुळे शेवटचं विसळणं त्यावर भागवू नका. डिस्टिल्डच.

वाळवायला जुन्या धोतराचं फडकं. घुंगरू कानाजवळ हलवून बघा; आत पाणी असलं तर घुसमटलेला आवाज येतो. चिर खाली करून ठेवा आणि ड्रायरची कोमट हवा द्या. लाकडाचा भुसा रव्यात अडकतो, मी वापरत नाही. वजन पूर्ण वाळल्यावरच करा.

पॅकिंगला झिपची पिशवी, एका पिशवीत एकच नग. रबरबँड नको, त्यातल्या गंधकाने चांदी काळी पडते.